तपासलं तेच चढव

पोरी, तुझं ॲपलेट आता खऱ्या कार्डांवर चढणार. सिम असो, बँकेचं कार्ड असो की पासपोर्टातली चिप, एकदा कार्ड लोकांच्या खिशात गेलं की माघारी बोलावणं फार अवघड. म्हणून जे काही पाहायचं ते चढवण्याआधी पाहायचं. त्यासाठी एवढं ऐकून ठेव.

कार्ड स्वतः तपासेल या भरवशावर राहू नकोस. चिपवर ॲपलेट चालवणारं जावा कार्ड 1996 साली आलं, तेव्हा चिपमधली रॅम फारच तोकडी असायची. बाइटकोड तपासताना प्रोग्रामला जिथे जिथे फाटे फुटतात, तिथे स्टॅकवर आणि रजिस्टरांत कोणत्या टाइपची गोष्ट आहे ते ध्यानात ठेवावं लागतं. तेवढी जागा कार्डात नव्हती. फ्रेंच संशोधक झाव्हिये लरवा यांनी 2002 मध्ये एक सुरेख तोड प्रसिद्ध केली. कोड बाहेरच असा बदलून घ्यायचा की प्रत्येक फाट्यावर स्टॅक रिकामा असेल आणि रजिस्टराचा टाइप त्या मेथडभर एकच राहील. मग कार्डाला एका फेरीत तपासणी उरकता येते. तरीही बहुतेक कार्डं बाहेरच्या तपासणीवरच विसंबतात. म्हणजे ती जबाबदारी तुझी.

आपलाच कंपायलर आहे म्हणून तपासणी टाळू नकोस. कार्डासाठी तयार झालेल्या कॅप फाइलमध्ये नंतर दोन-चार बाइट बदलणं मुळीच कठीण नाही. दहा घटकांचा बाइट ॲरे घे आणि कोडला तो शॉर्ट ॲरे असल्याचं भासव. लांबी दहाच राहते, पण प्रत्येक घटक आता दोन बाइटांचा. म्हणजे वीस बाइट वाचता येतात आणि त्यातले दहा शेजारच्याचे. शेजारी कुणाची किल्ली असेल तर? बाइटकोड तपासणारा व्हेरिफायर नेमकं हेच अडवतो. त्याच्याकडून न गेलेली फाइल कुणाच्याही शब्दावर घेऊ नकोस.

एक्स्पोर्ट फाइल कार्डावरचीच वापर. इथे भलेभले फसतात. तुझं ॲपलेट दुसऱ्या पॅकेजच्या मेथडला हाक मारतं, तेव्हा त्या मेथडला काय द्यायचं हे व्हेरिफायर एक्स्पोर्ट फाइलमध्ये पाहतो. ती फाइल एका आवृत्तीची आणि कार्डावरचं पॅकेज दुसऱ्या आवृत्तीचं असलं, तर तपासणी स्वच्छ पार पडते आणि कार्डावर मात्र टाइपांचा घोळ होतो. दोन ॲपलेट एकाच इंटरफेसच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर बांधली, तर सुटी सुटी दोन्ही पास होतात, एकत्र आली की धोका. म्हणून कार्डावर जे जे राहणार आहे ते सगळं एकत्र ठेवून तपास.

पास झालेल्या फाइलवरच सही घे. तपासणी आणि सही यांच्यामध्ये पुन्हा बिल्ड करायची नाही, कॉमेंट बदलली असली तरी नाही. कार्डावर जाणारा भाग पास झालेल्या कॅप फाइलमधूनच काढ आणि त्याच्याच हॅशवर सही होऊ दे. ग्लोबलप्लॅटफॉर्मच्या कार्डात चढवताना ही सही तपासायची सोय आहे, तिला डॅप म्हणतात. ती सक्तीची करून घे. सही नसेल तर कार्डाने दार उघडायचं नाही.

दाराच्या किल्ल्या बदल. चाळीस, एकेचाळीस, बेचाळीस अशी हेक्समधली चढती रांग असलेली चाचणीची किल्ली या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे. ती ग्राहकाच्या कार्डात राहता कामा नये. 2013 मध्ये कार्स्टन नोल यांनी दाखवून दिलं की काही सिम कार्डांचे हवेतून येणारे आदेश तेव्हाही 56 बिटांच्या डीईएस किल्लीवर होते. किल्ली फोडली की बाहेरचा माणूस आपलं ॲपलेट चढवू शकत होता. 2025 मध्ये ई-सिमच्या टीएस.48 या चाचणी प्रोफाइलबाबत तोच धडा पुन्हा मिळाला. किल्ल्या जगजाहीर, त्यामुळे न तपासलेलं ॲपलेट आत घालायला वाट मोकळी. तुझी तपासणी कितीही कडक असो, दुसऱ्याला न तपासलेलं काही चढवता येत असेल तर ती वाया गेली.

व्हेरिफायर हेतू तपासत नाही. टाइप बरोबर आहेत एवढंच तो सांगतो, बाकीचं तुलाच पाहायचं. पिनचे उरलेले प्रयत्न कमी करायचे ते जुळवणीच्या आधी करायचे, नाहीतर मधेच कार्ड ओढून काढणारा हवे तितके प्रयत्न करत बसेल. त्यासाठी जावा कार्डाचा तयार ओनरपिन क्लास वापर, स्वतःचा लिहू नकोस. शेअर केलेला ऑब्जेक्ट देताना मागणाऱ्या ॲपलेटचा एआयडी, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, पाहा, अनोळखी असेल तर नकार दे. आणि 2010 मध्ये संशोधकांनी कार्ड चालू असताना लेझर मारून टाइपची चाचणी चुकवून दाखवली होती. तपासून घेतलेला कोडही चालताना वाकवता येतो. पैसे, पिन, किल्ली यांचा निर्णय एकाच तुलनेवर सोडू नकोस, दोनदा पडताळ.

वही ठेव. प्रत्येक आवृत्तीपुढे व्हेरिफायरची आवृत्ती, वापरलेल्या एक्स्पोर्ट फाइली, हॅश आणि सही करणाऱ्याचं नाव लिही. काही बिघडलं तर कोणत्या कार्डात काय आहे हे तासाभरात सांगता आलं पाहिजे.

शेवटच्या दिवशी कुणीतरी येईल आणि म्हणेल, "एवढासा बदल आहे, तपासणी नको, आजच चढवू." तो माणूस कितीही मोठा असला तरी नाही म्हण आणि तपासणी पहिल्यापासून कर. कार्ड वापरणाऱ्याला आत काय चढलंय हे पाहण्याचा कोणताच मार्ग नसतो. त्याच्या वतीने पाहणारी तूच आहेस.