वॉर्डातल्या नव्या मामास

चि. प्रसाद यास,


तू सिव्हिलला रुजू झालास, कंत्राटावर, पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात वॉर्डबॉय म्हणून, असं तुझे बाबा फोनवर सांगत होते. सांगताना आवाज जरा पडला होता त्यांचा. बारावी सायन्स झालेला पोरगा बेडपॅन उचलणार, हे अजून पचलेलं नाही. ते तू मनावर घेऊ नकोस. पण ‘केवढी सेवा करतोस रे’ म्हणत पाठ थोपटणाऱ्यांच्याही नादी लागू नकोस. महापालिकेच्या रुग्णालयात आया म्हणून माझी सगळी नोकरी गेली. आमच्या कामाला पुण्य म्हणणारी माणसं पगाराचा विषय निघाला की घड्याळात बघायची. हे हाताचं कसब आहे, सुतारकामासारखं. फक्त ते तुला कुणी बसवून शिकवणार नाही, म्हणून हे पत्र.

वॉर्डात सगळे तुला ‘मामा’ म्हणतील, ऐंशी वर्षांचे आजोबासुद्धा. हसू येईल, पण त्या हाकेत रुग्णाची गरज असते. सिस्टरला हाक मारायला तो बिचकतो आणि डॉक्टर राउंडपुरते येतात. त्याच्या अंगाला दिवसातून सगळ्यात जास्त वेळा हात लागतो तो तुझा. म्हणून हात लावायच्या आधी बोल. ‘बाबा, आता कुशीवर वळवतो, डाव्या अंगाला,’ एवढंच. तो शुद्धीवर नसला तरी बोल. ऐकू येत असेल की नाही याचा हिशेब आपण करायचा नाही. आणि पडदा ओढल्याशिवाय चादर काढू नकोस. वॉर्डात जागा नसते, घाई असते, हे मला सांगू नकोस. पडदा ओढायला कितीसा वेळ लागतो?

आता मुख्य गोष्ट. बेडपॅन, युरिन पॉट, उलटीचं भांडं ओतायच्या आधी बघायचं. नाक मुरडून तोंड फिरवलंस तर तुझ्या नोकरीचा निम्मा उपयोग संपला. शौच डांबरासारखी काळी आणि चिकट असली तर पोटात कुठेतरी रक्त जात असू शकतं. लोहाच्या गोळ्यांनीही ती काळी होते, पण ते ठरवणं तुझं काम नाही. सिस्टरला दाखव, मग ओत. लघवीची पिशवी सकाळपासून तेवढीच आहे, रंग चहासारखा झालाय, कालपर्यंत बडबडणारे आजोबा आज नुसते छताकडे बघतायत, कुणाचे ओठ निळसर दिसतायत, हे तुला आधी दिसणार, कारण तू तिथे असतोस. ‘सिस्टर, सोळा नंबरचं काहीतरी वेगळं वाटतंय,’ असं म्हणायला लाजू नकोस. दहा वेळा त्या म्हणतील, ‘काही नाही मामा, जा.’ तू अकराव्यांदाही सांग.

मेडिसिन वॉर्ड म्हणजे पॅरालिसिसचे रुग्ण आलेच. लुळ्या पडलेल्या हाताला धरून कुणाला कधी ओढू नकोस, खांदा निखळतो. खुर्चीत बसवताना खुर्ची चांगल्या बाजूला लाव आणि आधी ब्रेक. आडव्या माणसाच्या तोंडात पाणी नको, पेज नको, नातेवाइकांनी कितीही गळ घातली तरी. गिळायचं कळत नसलं की घास श्वासनळीत जातो आणि मग न्यूमोनिया. बसवून, हनुवटी जरा खाली घेऊन, छोटा चमचा. तेही सिस्टरने हो म्हटल्यावरच.

पाठीच्या जखमांवर मात्र मी जरा जास्त लिहिणार आहे. झोपून राहिलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, हे सगळे सांगतात. रात्री तीन वाजता ते कोण करतं, तो प्रश्न आहे. माकडहाड, टाचा, खुब्याची हाडं आणि डोक्याची मागची बाजू बघत जा. लाल डाग बोटाने दाबून बघ. बोट काढल्यावरही तो तसाच लाल राहिला तर जखम सुरू झालीय असं समज. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, तेव्हा तिथे गरम लागतं का, घट्ट लागतं का ते हाताने बघायचं. आमच्या काळात स्पिरिट आणि पावडर लावून पाठ खसाखसा चोळण्याची पद्धत होती. आता लाल झालेली जागा चोळायची नाही असं शिकवतात, आणि ते बरोबर आहे, आतल्या नाजूक पेशी फाटतात. वर सरकवताना काखेत हात घालून फरफटवू नकोस. रुग्णाखालची आडवी चादर, म्हणजे ड्रॉशीट, दोन्ही बाजूंनी धरायची, दोघांनी मिळून, आणि उचलून सरकवायचं. कंबरेत वाकायचं नाही, गुडघ्यात वाकायचं. वयाच्या पस्तिशीत मणक्याचा पट्टा बांधून फिरणारे मामा मी पुष्कळ पाहिले.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांचं नाव तू ऐकलं असशील. १९७३ च्या नोव्हेंबरात त्यांच्यावर हल्ला झाला, मेंदूचा रक्तपुरवठा तुटला, आणि २०१५ च्या मे महिन्यापर्यंत, म्हणजे चाळीसहून जास्त वर्षं, त्या तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर शय्याव्रण होऊ दिला नाही तिथल्या परिचारिकांनी. २०११ साली दयामरणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालला, तेव्हा न्यायमूर्तींनीही या शुश्रूषेचं कौतुक केलं. हे ना औषधाने झालं, ना मशिनने. कूस बदलणं, पुसणं, भरवणं, पाळीमागून पाळी.

पण हल्ला करणारा कोण होता, तेही लक्षात ठेव. त्याच रुग्णालयातला सफाई कर्मचारी. आपल्याच श्रेणीतला माणूस. त्यामुळे पुरुष मामा जवळ आला की एखादी बाई अंग चोरते, तिचा राग मानू नकोस. स्ट्रेचरवरून बाई रुग्ण नेताना आया मावशीला बोलाव किंवा घरच्या बाईला बरोबर घे. कॅथेटरची पिशवी, कपडे, बेडपॅन, यातलं बाईचं काहीच एकट्याने करायचं नाही.

सुईचं ऐक. वापरलेली सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. सलाईनच्या नळ्या, कॅथेटर, हातमोजे लाल पिशवीत. रक्ताने माखलेला कापूस, ड्रेसिंग पिवळीत. काचेच्या बाटल्या निळ्यात. २०१६ चे नियम आहेत हे, भिंतीवर तक्ता असेल. तक्ता असूनही कुणीतरी चादरीत सुई विसरतंच, म्हणून चादर कधी मिठीत घेऊन गोळा करायची नाही. टोचलीच तर जखम पिळायची नाही, बोट तोंडात घालायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि लगेच डॉक्टरांना सांगायचं. एचआयव्हीपासून बचावाची औषधं जितकी लवकर सुरू होतील तितकी बरी, दोन तासांत उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. घाबरून किंवा ओरडा पडेल म्हणून लपवणारे मूर्ख असतात. आणि हिपॅटायटिस बीची लस घेतलीस का? तीन डोस असतात, पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. पहिला घेऊन दुसरा विसरणारे निम्मे.

कुणी सांगेल, ‘मामा, एवढं इंजेक्शन टोचून दे, सिस्टर बिझी आहे.’ नाही म्हणायचं. ऑक्सिजनचा आकडा फिरवायचा नाही, सलाईन बंद-चालू करायचं नाही. छातीत नळी घातलेल्या रुग्णाची बाटली छातीच्या वर कधी उचलायची नाही, ट्रॉलीवर नेतानाही नाही. लघवीची पिशवीही मूत्राशयाच्या खालीच, पण जमिनीला टेकवायची नाही.

चहापाण्याचं. तुझ्या बाबांना हे वाचून दाखवू नकोस. पगार दोन-दोन महिने थकले की मामा का हात पुढे करतो, ते मला कळतं. तरीही बेडपॅन द्यायचे पैसे, ट्रॉली ढकलायचे पैसे, मयत उतरवायचे पैसे, यातला एक रुपया घ्यायचा नाही. एकदा घेतलास की पैसे नसलेल्या खाटेकडे तुझे पाय आपोआप सावकाश वळतील. डिस्चार्जच्या दिवशी कुणी पेढे दिले तर खा.

मयताची ड्युटी लागेल. बाटली तोंडाला लावल्याशिवाय हे काम होत नाही असं जुने सांगतात, ते खोटं आहे. कपडे सावरायचे, डोळे मिटायचे. हाताच्या आणि पायाच्या चिठ्ठीवरचं नाव नि नंबर केसपेपरशी दोनदा ताडून बघायचा, एकदा वॉर्डात, एकदा शवागारात देताना. देह बदलला तर त्या घराचं काय होतं याची कल्पना कर. नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत. तोवर पंखा बंद, डोकं उशीवर, पापण्यांवर ओला कापूस. हे घरच्यांना सुचत नाही, तू आठवण करून दिलीस तर चालतं.

शेवटी कंत्राटदाराचं. रुजू झाल्याचं पत्र, हजेरीचा फोटो, दर महिन्याची पगाराची पावती जपून ठेव. पीएफचा यूएएन क्रमांक मागून घे आणि ‘उमंग’ ॲपवर पैसे खरंच भरले जातात का ते बघ. नुसती कपात दाखवून न भरणारे पुष्कळ असतात. २१,००० पर्यंत पगार असेल तर ईएसआयसी लागू होतं. तुझ्या पगारातून पाऊण टक्का जातो, मालकाने सव्वातीन टक्के भरायचे असतात. कार्ड करून घे, आईबाबांची नावंही त्यात घाल.

लसीचा दुसरा डोस झाला की तारीख कळव.

तुझी आत्या