हरितगृहातील कर्बाचा हिशोब

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत टोमॅटो व कांद्याच्या जोडीला हरितगृहातील ढोबळी मिरची व फुले यांचीही लागवड होते. बंदिस्त शेती करणाऱ्या काही कंपन्या आपला माल कर्बमुक्त असल्याचे सांगतात. असा दावा कसा तपासावा, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकरी बंधूंस समजावून देणे अगत्याचे आहे.

भारताने २०२१ साली ग्लासगो येथील परिषदेत २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. हे वचन राष्ट्राचे आहे. त्यायोगे एकट्या शेतकऱ्यावर कोणतेही बंधन येत नाही.

बंदिस्त शेतीचे दोन प्रकार वेगळे ओळखावेत. बंद खोलीत, थरांवर थर रचून, विजेच्या दिव्यांखाली पालेभाजी पिकविण्यास किलोमागे १० युनिट वा अधिक वीज लागते. आपल्याकडील विजेच्या प्रत्येक युनिटामागे सुमारे ०.७ किलो कर्बद्विप्राणिद वायू हवेत जातो. म्हणजे एक किलो भाजीमागे सात किलो वायू! पाणी वाचते हे खरे, पण सूर्य जे फुकट देतो ते विकत घ्यावे लागते. अमेरिकेतील ‘एअरोफार्म्स’ने २०२३ साली दिवाळखोरीचा अर्ज केला व ‘बोअरी’ २०२४ साली बंद पडली. आपले नैसर्गिक वायुवीजनाचे हरितगृह उन्हावर चालते, म्हणून त्याचा भार पुष्कळच हलका आहे. तथापि तो शून्य नाही.

पाच अश्वशक्तीची मोटार तासाला सुमारे चार युनिट वीज घेते, म्हणजे जवळजवळ तीन किलो वायू. रोज तासभर चालल्यास वर्षाचा आकडा एक टनावर जातो. दहा गुंठ्यांच्या ठिबकास एवढी मोठी मोटार लागतेच असे नाही. दिवसा सौर वीज मिळाल्यास हा भार बहुतांशी टळतो. आपल्या भागात तर तिचे मोल अधिकच आहे, कारण उसात बिबट्यांचा वावर असल्याने रात्री मोटार सुरू करण्यास जाणे जिवावरचे काम झाले आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना (२०१७) व प्रधानमंत्री कुसुम योजना (२०१९) यांची चौकशी अवश्य करावी.

खताकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते. त्यातील शेकडा एक भाग जमिनीत नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, असे आंतरराष्ट्रीय गणनेत धरतात. हा वायू कर्बद्विप्राणिदाच्या २७३ पट तापदायक आहे. हिशोब केला तर एका गोणीमागे सुमारे ९० किलो, म्हणजे मोटारीच्या तीस तासांइतका भार होतो. कारखान्यातील जळण निराळेच. म्हणून माती तपासून, ठिबकातून थोडे थोडे नत्र देणे खर्चाच्या व हवेच्याही दृष्टीने हितकर ठरते.

२०० मायक्रॉन जाडीच्या आच्छादन-कागदाचे वजन दर चौरस मीटरला सुमारे १८५ ग्रॅम भरते. फाटका कागद बांधावर जाळू नये. गुंडाळून भंगारवाल्यास द्यावा.

कंपनीशी करार करताना वीज, खत व जुना कागद यांपैकी कशाकशाची मोजणी तिच्या दाव्यात धरली आहे, हे लेखी मागून घ्यावे. आपल्या नोंदवहीत मोटारीचे तास, विजेचे युनिट व खताच्या गोण्या दर आठवड्यास लिहून ठेवाव्यात. कराराच्या वेळी ही वही पुढे ठेवता येईल.