ग्रँडमास्टरची दुसरी सनद

बुद्धिबळस्पर्धेच्या सभागृहाबाहेर, मांडीवर डब्याची पिशवी घेऊन आणि बंद दाराकडे डोळे लावून ज्या आईबापांनी रविवारचे रविवार काढले आहेत, त्यांच्या मनातला प्रश्न त्यांनी बोलून दाखवण्याची गरज नसते : पोर ग्रँडमास्टर झाले नाही तर काय, आणि समजा झालेच, तर पुढे पोट कशावर भरावयाचे?

प्रश्नाचा उत्तरार्धच मला अधिक विचारार्ह वाटतो. १९८८ साली विश्वनाथन आनंद भारताचे पहिले ग्रँडमास्टर झाले, तेव्हा ती सनद हीच एक अपूर्वाई होती; २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुख यांना ती मिळाली, तेव्हा त्यांचा क्रमांक ८८ वा लागला. विमानभाडे, मुक्काम, शिकवणीचे शुल्क यांचा जमाखर्च मांडू लागले, की केवळ बक्षिसांच्या रकमेवर संसार रेटणारे यांत थोडेच निघतात. सार्वजनिक उपक्रमांतील क्रीडाकोट्याची नोकरी बऱ्याच जणांना तारते, पण तिच्या जागा मोजक्या.

अशा वेळी चेन्नईच्या आर. बी. रमेश यांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. २००२ साली ते ब्रिटिश अजिंक्यपदाचे मानकरी ठरले (पुढच्याच वर्षी तो मान पुण्याच्या अभिजित कुंटे यांनी पटकावला, आणि मग यजमानांनी राष्ट्रकुलातील पाहुण्यांना ते दार लावून घेतले!), पाठोपाठ ग्रँडमास्टर झाले, २००७ मध्ये राष्ट्रकुल विजेतेही झाले, आणि मग, खेळाडू म्हणून उमेद शिल्लक असण्याच्या वयात, स्वतःचा पट आवरून पत्नी आरती रामस्वामी यांच्यासह त्यांनी ‘चेस गुरुकुल’ काढले. तेथे शिकलेला प्रज्ञानंद २०१८ साली, वयाची तेरा वर्षे पुरी होण्याआधीच, ग्रँडमास्टर झाला. पुढे त्याची बहीण वैशाली हिनेही तो किताब मिळवला. रमेश यांना २०२३ चा द्रोणाचार्य पुरस्कार लाभला, तो या दुसऱ्या कारकिर्दीबद्दल.

खेळता न आलेल्याने शिकवावे, असा एक तुच्छतेचा समज आपल्याकडे रूढ आहे. वस्तुतः उत्तम खेळाडूला योग्य खेळी दिसते. ती का दिसली, हे त्याचे त्यालाही पुष्कळदा उमगलेले नसते, आणि शिक्षकाचे सारे काम नेमके तेथून सुरू होते. पटावर एक स्थिती मांडून, सोंगटीला हात लावण्याची मनाई करून, शिक्षक वीस मिनिटे गप्प बसतो. ‘हत्तीने प्यादे घेतो, शह देतो, वजीर पडतो,’ असे धडाधड दहा खेळ्यांचे उत्तर येते. त्यावर तो एवढेच विचारतो, ‘शहाला राजा त्या बाजूला गेलाच नाही तर?’ आणि पोराचे कान लाल होतात. रमेश यांचे २०२२ चे पुस्तक याच गणनेच्या विद्येवर आहे. असल्या पुस्तकातील एकेक स्थिती निवडताना कोणता विद्यार्थी कोठे घसरतो हे ठाऊक असावे लागते, आणि ते ज्ञान एकट्याच्या अभ्यासिकेत बसून मिळत नाही.

या वाटेला दफ्तरी मान्यताही आहे : जागतिक संघटना ‘फिडे’ प्रशिक्षकांना श्रेणीवार किताब देते, आणि त्यांतल्या खालच्या श्रेणींसाठी ग्रँडमास्टर असण्याची अट नाही. राष्ट्रीय संघांनाही कर्णधार लागतो. २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचे कर्णधार कुंटेच होते. मात्र मिळकत दरमहा ठरलेली नसते, उमेदवारीची वर्षे लांबतात. म्हणून पदवीचे शिक्षण अर्ध्यावर सोडू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आपल्या पोरात शिकवण्याचा हा गुण आहे की नाही, हे पालकांना मानांकनाच्या आकड्यांवरून कळत नाही. एकदा अशाच एका व्हरांड्यात नुकताच हरलेला, दहाएक वर्षांचा एक मुलगा मी पाहिला. स्कोअरशीट जमिनीवर पसरून, ज्याने त्याला हरवले त्यालाच तो समजावीत होता, की तेविसाव्या खेळीला उंट मागे घेतला असतास तर डाव तिथेच संपला असता. आणि दोघांच्या आया, पोळीचे तुकडे हातात धरून, केव्हाच्या हाका मारीत होत्या.