टेपवरील प्रतीची परीक्षा

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापी फुगली आणि सुरत शहराचा बहुतेक भाग जलमय झाला. हिशेबाची दुसरी प्रत दूर असावी, हा धडा सभासद बंधूंना त्या पुराने दिला. आता संगणकावरील हिशेबाची नक्कल रोज रात्री टेपवर उतरविता येते. त्यासाठी लिहून ठेवलेल्या आज्ञांच्या यादीस शेल स्क्रिप्ट म्हणतात. ‘क्रॉन’ ती नेमल्या वेळी चालवितो. ‘टार’ दप्तरे एकत्र बांधून टेपवर लिहितो.

आमच्या पेढीत दप्तरे नव्या डिस्कवर हलविली. स्क्रिप्टमधील जुनी जागा मात्र आम्ही बदलली नाही. ती रोज रिकाम्या कप्प्याची नक्कल घेऊन ‘काम यशस्वी’ असे कळवीत राहिली! एक जुने बिल शोधताना हे उघडकीस आले. चूक आमचीच.

म्हणून दप्तराची जागा बदलताच स्क्रिप्ट सुधारावी व बदलाची तारीख तीतच नोंदवावी. नक्कल नेहमीपेक्षा लहान भरल्यास स्क्रिप्टने इशारा द्यावा, अशी योजना करावी. दरमहा एक टेप दुसऱ्या संगणकावर उतरवून आकडे मूळ हिशेबाशी ताडावेत. मगच ती परगावी ठेवावी. जी परत वाचून पाहिली नाही, ती प्रत आहे असे समजू नये.