ट्यूनर बसवायला तास लागतो, पैसे तपासणीचे घ्या

व्हिडिओत दाखवलेलं काम इथे लिहून देतोय, म्हणजे पाना हातात असताना व्हिडिओ मागे-पुढे करत बसायला नको.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळपास गेला. पेट्रोल किती सोडायचं ते आता ईसीयू ठरवतो. साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, वजनाने. पोरं सायलेन्सर, एअर फिल्टर बदलतात, हवा वाढते, मग गाडी तापते, झटके देते. ट्यूनर ईसीयू आणि इंजेक्टरच्या मधे बसतो आणि इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवतो. एवढंच.

काम मोकळ्या जागेत करा, जवळ बिडी-काडी नको. टाकी थोडी उचलून पंपाचा कपलर काढा आणि गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. लाईनमधलं प्रेशर असं जातं. हे न करता पाईप ओढला तर पेट्रोल थेट तोंडावर येतं. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, इंजिन थंड होऊ द्या, टाकी उतरवा. इंजेक्टरचा कपलर काढून मधे ट्यूनरचे कपलर जोडा, 'टक' वाजलंच पाहिजे. वायरिंग सायलेन्सरपासून लांब बांधा. अर्थची वायर बॅटरीच्या निगेटिव्हलाच घट्ट कसा. सगळं परत जोडून चावी फिरवा, गळती बघा, मग स्टार्ट. चालू गाडीवर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा.

अर्थवर एवढा जोर का देतोय? सुरुवातीला माझ्याकडून तोच बोल्ट ढिला राहिला. गिऱ्हाईक मांजरसुंब्याच्या घाटात रात्री अडकलं. टेम्पोभाडं मी दिलं, फिटिंगचे ५०० रुपयेही परत केले. बोल्ट कसायला दहा सेकंद लागले असते!

आता धंद्याचं. झटके देणाऱ्या गाडीत दोष बऱ्याचदा घाण फिल्टर, जुना प्लग, नाहीतर ढिली चेन एवढाच निघतो. म्हणून मी आधी २०० रुपये तपासणीचे घेतो. दोष तिथेच सापडला तर ट्यूनर विकत नाही. त्या दिवशी कमाई कमी होते, हे खरंय.

आणि वॉरंटीतल्या गाडीला हात लावण्याआधी मालकाला स्पष्ट सांगा की कंपनी क्लेम नाकारू शकते, पीयूसीतही अडचण येऊ शकते. मी हे बिलावरच लिहितो आणि खाली सही घेतो. सही द्यायला जो का-कू करतो, त्याची गाडी मी घेत नाही.