वेबसॉकेट आणि हरवलेली ओळ

साहित्याच्या विद्यार्थिनीने कोडबद्दल का लिहावं? कारण मंडळाच्या ऑनलाइन भेंड्यांचं पान मी बनवलं होतं, आणि त्यात एका मुलीची ओळ हरवली. चूक माझीच.

साधी वेबसाइट विचारल्याशिवाय बोलत नाही. वेबसॉकेटमध्ये (हे प्रमाण २०११चं) जोडणी एकदा झाली की उघडीच राहते, दोन्ही बाजू केव्हाही बोलू शकतात. म्हणून ‘अमुक घडलं की हे कर’ असं आधीच सांगून ठेवायचं. ब्राउझरमध्ये अशा चार घटना: ओपन, मेसेज, एरर, क्लोज. प्रत्येकीला आपण फंक्शन देतो. ते कधी चालेल हे मात्र आपल्या हातात नाही. मला हेच पचत नव्हतं.

जोडणी होण्याआधी सेंड केलं तर एरर येते, निदान कळतं तरी. पण जोडणी बंद झाल्यावर सेंड केलं तर मजकूर गपचूप टाकला जातो. फार तर कन्सोलमध्ये इशारा उमटतो, तो कोण बघतंय! त्या मुलीचं नेट मध्येच गेलं, जोडणी बंद झाली, पान मात्र तसंच दिसत राहिलं. ब्राउझर आपणहून पुन्हा जोडत नाही. ते क्लोजच्या फंक्शनमध्ये आपणच लिहायचं असतं. माझं ते रिकामं होतं.

आता प्रत्येक ओळ आधी यादीत ठेवते, सर्व्हरची पोच आली की काढते. क्लोज झालं की थोडं थांबून नवी जोडणी. ओपन होताच उरलेल्या ओळी पुन्हा पाठवते. पोचच हरवली तर ओळ दोनदा जाईल, म्हणून प्रत्येकीला क्रमांक दिलाय. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर ती ओळ गाळतो.