तांब्यातला एक अणू काढला तर?

यूटीएमवर माइल्ड स्टीलचा रॉड लावून तो तुटायची वाट पाहिली नाही असा इंजिनिअर सापडायचा नाही. ग्राफ येतो, यील्ड पॉइंट येतो, जर्नलमध्ये रीडिंग उतरवली जातात. पण रॉड ताणला जात असताना आत अणूंचं नेमकं काय चाललं होतं, ते यूटीएम सांगत नाही. तुटलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली ठेवला तर शेवट दिसतो, मधली हकीकत नाही. ती मधली हकीकत पाहायची म्हणून संशोधक गेली साठाहून अधिक वर्षं संगणकात अणू मांडून धातू तयार करत आले आहेत. याला ॲटमिस्टिक सिम्युलेशन म्हणतात. प्रोजेक्टच्या निमित्ताने मी त्यात शिरलो आणि त्यातली एकच गोष्ट इथे नीट सांगणार आहे, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे.

मूळ पद्धत अकरावीच्या फिजिक्सपलीकडची नाही. प्रत्येक अणूची जागा आणि वेग माहीत आहे असं धरायचं. शेजाऱ्यांमुळे त्याच्यावर किती बल लागतं ते काढायचं. न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने त्वरण काढून अणू एका फेम्टोसेकंदाने पुढे सरकवायचा. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचे एकावर पंधरा शून्ये इतके भाग केले तर त्यातला एक. मग पुन्हा बल, पुन्हा त्वरण. हे लाखो वेळा करायचं. कंटाळवाणं काम, पण संगणकाला कंटाळा येत नाही.

धातूच्या बाबतीत हे पहिल्यांदा केलं ते अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत व्हाइनयार्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी. त्यांचा निबंध १९६० साली प्रसिद्ध झाला. प्रश्न अणुभट्टीतला होता. वेगवान न्यूट्रॉन धातूच्या अणूला धडकला की तो अणू जागेवरून उडतो, दुसऱ्याला धडकतो, दुसरा तिसऱ्याला. अशा माऱ्याने भट्टीचं पोलाद वर्षानुवर्षं ठिसूळ होत जातं, पण एकेक धडक सेकंदाच्या अब्जांश भागाच्या आत संपते. ती पाहणार कशी? त्यांनी पाचेकशे अणूंचा तांब्यासारखा स्फटिक आयबीएम ७०४ या संगणकात मांडला आणि एका अणूला टोला दिला. एक पाऊल पुढे जायला त्या यंत्राला सुमारे एक मिनिट लागायचं. तरीही त्यातून धडकांची साखळी स्फटिकातल्या ठरावीक दिशांनीच कशी पळते ते दिसलं. हे आधी कोणी पाहिलेलं नव्हतं.

आता गंमत ऐका. त्यांच्या तांब्यातले अणू एकमेकांना फक्त दूर ढकलत होते! मग स्फटिक फुटून विखुरला का नाही? कारण कडेच्या अणूंवर त्यांनी बाहेरून आत ढकलणारं कायमचं बल लावून ठेवलं होतं. पोतं शिवून धान्य आत ठेवावं तसं. जोराच्या धडकेत प्रतिकर्षणच महत्त्वाचं असतं, म्हणून त्या प्रश्नापुरतं हे चाललं. पण तांबं स्वतःहून एकत्र का राहतं, या प्रश्नाला त्या मॉडेलकडे उत्तर नव्हतं.

इथेच सगळी मेख आहे. अणूंमध्ये किती बल आहे हे सांगणाऱ्या सूत्राला पोटेन्शियल म्हणतात. सर्वांत सोपं सूत्र जोडीचं: दोन अणू, मधलं अंतर, तेवढ्यावर ऊर्जा ठरली. लेनार्ड-जोन्स हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं. मूळचे हैदराबादचे अनीसुर रहमान यांनी १९६४ साली अमेरिकेतल्या आरगॉन प्रयोगशाळेत ८६४ अणूंचा द्रवरूप आर्गॉन असाच संगणकात चालवला आणि तो प्रयोगाशी छान जुळला. (प्रयोगशाळेचं नाव आरगॉन आणि वायूचं आर्गॉन, हा निव्वळ योगायोग.) आर्गॉनला हे सूत्र चालतं. धातूला चालत नाही. का चालत नाही, ते कॅल्क्युलेटर घेऊन बघू.

तांब्यात प्रत्येक अणूला १२ जवळचे शेजारी. प्रत्येक बंध दोघांत वाटलेला, म्हणजे एका अणूच्या वाट्याला ६ बंध. तांब्याची बंधन ऊर्जा अणूमागे सुमारे ३.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ती या ६ बंधांची. आता आतला एक अणू उचलून पृष्ठभागावर पायरीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवा. १२ बंध तुटले, तिथे ६ नवे जुळले. निव्वळ खर्च ६ बंधांचा. म्हणजे एक रिकामी जागा, आपल्या भाषेत व्हेकन्सी, तयार करायला ३.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागायला हवेत. प्रत्यक्ष प्रयोगात किती येतात? सुमारे १.३.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा फरकाने काय बिघडतं? बघा. १००० केल्विनला व्हेकन्सींचं प्रमाण घातांकी सूत्राने काढलं (एन्ट्रॉपीचा भाग सोडून), तर १.३ घेऊन साधारण पस्तीसेक लाख जागांमागे एक रिकामी जागा येते. ३.५ घेतलं तर एकावर सतरा शून्ये इतक्या जागांमागे एक धड येत नाही. म्हणजे जवळपास नाहीच. तांब्याचा अणू स्फटिकात जागा बदलतो तो शेजारची जागा रिकामी असेल तर. जागाच नसतील तर डिफ्यूजन नाही, गरम धातूचं क्रीप नाही, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं एज हार्डनिंगही नाही. हीट ट्रीटमेंटचा निम्मा सिलॅबस रद्द! परीक्षेपुरता फायदा आहे, पण तो धातू जगात कुठे सापडणार नाही.

चूक कुठे आहे? जोडीच्या सूत्रात प्रत्येक बंध स्वतंत्र आहे. बाजूला कोण आलं, कोण गेलं, त्याला पत्ता नाही. धातूतले इलेक्ट्रॉन मात्र सामाईक असतात. घरून आलेला लाडवांचा डबा समजा. मजल्यावर बारा जण असतील तर वाटा लहान. एक जण गावी गेला तर त्याचा वाटा फुकट जात नाही, उरलेल्या अकरांत जातो. तसंच एक शेजारी गेला की अणूचे उरलेले बंध थोडे घट्ट होतात. साधारण हिशेब असा की आकर्षणाची ऊर्जा शेजाऱ्यांच्या संख्येच्या प्रमाणात नाही, तर वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. १२ चं वर्गमूळ ३.४६४, ११ चं ३.३१७. एक शेजारी गेल्यावर नुकसान सव्वाचार टक्के. असे बारा शेजारी, एकूण ५१ टक्के. जोडीच्या सूत्रात हेच नुकसान १०० टक्के येत होतं. प्रतिकर्षण हिशेबात धरलं की आकडा आणखी खाली येतो. एका वर्गमुळाने एवढं काम केलं.

हा विचार १९८३-८४ च्या सुमारास दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सूत्रात उतरला. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत डॉ आणि बास्केस यांनी 'एम्बेडेड ॲटम मेथड' मांडली. त्यांचा पहिला निबंध हायड्रोजनमुळे धातू ठिसूळ का होतो यावर होता. इंग्लंडमध्ये हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रात फिनिस आणि सिंक्लेअर यांनी वर्गमूळवालं सूत्र दिलं. दोन्हीकडे कोणाला तरी धातू कधी तुटेल याची खरी काळजी होती, हे मला विशेष वाटतं.

म्हणून रंगीत अणूंचं ॲनिमेशन दाखवणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावा: पोटेन्शियल कोणतं, आणि ते कशाला जुळवून बनवलं? बल्कच्या गुणधर्मांना जुळवलेलं सूत्र क्रॅकच्या टोकाशी खरं बोलेलच असं नाही. २००७ पासून न्यूरल नेटवर्कने क्वांटम गणितावरून शिकवलेली पोटेन्शियल्स येऊ लागली आणि ती पुष्कळच अचूक आहेत, पण जे शिकवलंच नाही तिथे तीही बेधडक उत्तर देतात. व्हायवातल्या आपल्यासारखीच.

दुसरी अडचण वेळेची, ती थोडक्यात. फेम्टोसेकंदाची दहा लाख पावलं म्हणजे एक नॅनोसेकंद. यूटीएमवर दहा टक्के ताणायला शंभर सेकंद घेतले आणि संगणकात तेच एका नॅनोसेकंदात उरकलं, तर वेगात एकावर अकरा शून्ये इतका फरक पडला. त्यात छोट्या डब्यातला स्फटिक निर्दोष, एकही डिसलोकेशन नाही. म्हणून यील्ड स्ट्रेंग्थ काही गिगापास्कल येते, आणि ॲनील केलेलं खरं तांबं काही दहा मेगापास्कललाच नमतं. अशा ग्राफवर 'महाबलवान तांबं' असं शीर्षक टाकू नये. निर्दोष स्फटिक इतका बळकट असणार हे फ्रेंकेलने १९२६ सालीच कागदावर मांडलं होतं.

हे सगळं करून पाहायला सुपरकॉम्प्युटर लागत नाही. सँडियाचा लॅम्प्स नावाचा प्रोग्राम २००४ पासून मुक्त आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. दहा बाय दहा बाय दहा युनिट सेल घ्या. एफसीसीत प्रत्येकी ४ अणू, एकूण ४०००, आणि सगळा ठोकळा जेमतेम ३.६ नॅनोमीटरचा. सर्व बाजूंनी पिरिऑडिक बाउंड्री ठेवा आणि ऊर्जा काढा. मग एक अणू डिलीट करून उरलेल्यांना स्थिरावू द्या आणि पुन्हा ऊर्जा काढा. आधीच्या ऊर्जेचा ३९९९/४००० भाग नंतरच्या ऊर्जेतून वजा केला की व्हेकन्सीची ऊर्जा मिळाली. मिशिन आणि सहकाऱ्यांचं २००१ सालचं तांब्याचं पोटेन्शियल वापरलंत तर १.२७ येईल. नंतर तीच फाइल, बंधन ऊर्जा ३.५ येईल असं बेतलेलं लेनार्ड-जोन्स घालून चालवा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा.